घरचा बार भरताना बाटल्यांची यादी शेवटी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नवं घर घेतलंय, हॉलच्या कोपऱ्यात बारसाठी कपाट करून घेतलंय, महिन्या-दीड महिन्यातून दहा-बारा माणसं जेवायला येतात; तर कोणत्या बाटल्या घेऊन ठेवाव्यात म्हणजे कुणालाच ‘नाही’ म्हणावं लागणार नाही? सोबत तुम्ही अठरा बाटल्यांची यादीही दिली आहे. तिच्यात टकीला आहे, ब्लू क्युरासाओ आहे, दोन प्रकारचं व्हरमुथ आहे, तीन लिक्युअर, म्हणजे गोड स्वादाची मद्यं, आहेत. बर्फ मात्र नाही, आणि लिंबंही नाहीत.

आधी मुंबईतल्या आणि मग पुण्यातल्या हॉटेलांच्या बारमागे मी बरीच वर्षं उभा राहिलो. आता लोकांच्या घरच्या समारंभांना बार लावून देतो. त्या अनुभवावर सांगतो, अठरातल्या बारा बाटल्या आजच खोडून टाका. त्या पैशांतून बर्फ, ताजी लिंबं, चांगला सोडा, एकसारखे ग्लास आणि न पिणाऱ्यांसाठी दोन उत्तम पेयं आणा. साध्या व्हिस्कीत भरपूर बर्फ आणि गार सोडा घालून दिला तर पाहुणा खूश होतो. महागडी बाटली समोर ठेवली आणि नऊ वाजता बर्फ संपला, तर तीच माणसं कोमट पाण्यात पेग घेऊन बसतात.

सुरुवात माणसांपासून करा. मागच्या दोन-तीन वेळेस कोण आलं होतं आणि कुणी काय घेतलं, ते आठवून कागदावर लिहा. आपल्याकडच्या घरांत मला साधारण असं दिसतं: व्हिस्कीवाले जास्त, उन्हाळ्यात त्यातलेच काही बिअरने सुरुवात करतात, तिशीतली मंडळी जिनकडे वळली आहेत, वाइन मागणारे एक-दोन, रमशिवाय दुसरं काही न घेणारा एक निष्ठावंत, आणि तीन-चार जण अजिबात न घेणारे. तुमचा कागद वेगळा असेल, पण त्यावर टकीला क्वचितच निघेल. निघाली तर जरूर आणा.

आता बारा माणसांचा हिशेब मांडू. समजा चार जण घेत नाहीत. उरलेल्या आठांत चार व्हिस्कीचे, दोन बिअरचे, दोन वाइन किंवा जिनचे. जेवणासकट बैठक चार तासांची. व्हिस्कीवाल्याला मी संध्याकाळी ४५ मिलीचे चार पेग धरतो. चार माणसांचे सोळा पेग, म्हणजे ७२० मिली. ७५० ची एक बाटली पुरते. बाटलीत ६० मिलीचे साडेबाराच पेग निघतात हे विसरून लोक एकतर चार बाटल्या आणतात, नाहीतर अर्ध्यात दुकानात पळतात. ४५ मिलीचं माप मी मुद्दाम सांगतोय. ३० चा पेग मोठ्या ग्लासात पाणचट लागतो, ६० चा पेग दुसऱ्या तासाला जड होतो. वाइनच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. दोघांना एक पुरेल, पण दोन ठेवा, कारण जेवताना आणखी कुणीतरी ग्लास पुढे करतंच. बिअरचे ३३० मिलीचे पाइंट दहा धरा. ६५० ची मोठी बाटली घरी आणू नका. ती संपेपर्यंत गरम होते, आणि अर्धी उरलेली कुणी पीत नाही.

म्हणजे पहिल्या खरेदीत एक व्हिस्की, एक जिन, एक डार्क रम, एक पांढरी आणि एक लाल वाइन, थोडी बिअर. संपूर्ण बार एवढाच. व्होडका घेणारं ठरलेलं माणूस असेल तर सहावी बाटली तिची.

व्हिस्कीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे जातो. पाणी-सोडा घालून प्यायची असेल तर सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की, उघडायची गरज नाही. एक नीटस भारतीय ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की, किंवा सुरुवातीच्या किमतीची स्कॉच त्या कामाला उत्तम. सिंगल माल्ट हवीच असेल तर आपल्याच देशातली घ्या, असं मी आग्रहाने सांगतो: बेंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला सुरुवात केली होती, स्कॉच जिथली तिथेच. या बाटल्यांवर बारा, अठरा असे वयाचे आकडे सहसा दिसत नाहीत म्हणून पाहुणे नाक मुरडतात. त्यामागचं कारण त्यांना सांगा. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. बेंगळुरूच्या हवेत दहा टक्के किंवा त्याहून जास्त. इथे लाकडाचा अंशही भराभर उतरतो. तिथे जे बारा वर्षांत होतं ते इथे चार-पाच वर्षांत होतं, आणि आणखी ठेवली तर पिंपात उरतच नाही. अशी बाटली उघडलीत तर सोबत सोडा देऊ नका. साधं पाणी छोट्या जगमध्ये द्या आणि चमचाभर घालून बघायला सांगा. वास मोकळा होतो.

जिनसाठी परदेशी बाटलीवर दुप्पट खर्च करायचं कारण आता उरलेलं नाही. २०१७ मध्ये गोव्यात बनलेली ‘ग्रेटर दॅन’ आली, पाठोपाठ ‘स्ट्रेंजर अँड सन्स’, आणि तेव्हापासून गोव्यातून उत्तम जिन येते आहे. जिन-टॉनिकचं माप एकास तीन: ४५ मिली जिन, १३५ मिली टॉनिक. टॉनिकचा ३०० मिलीचा कॅन दोन ग्लासांत संपतो, म्हणून कॅनच घ्या. मोठी बाटली उघडली की तिसऱ्या ग्लासापर्यंत तिचा फेस बसतो, आणि फेस गेलेलं टॉनिक म्हणजे नुसतं गोडसर कडू पाणी.

रमच्या बाबतीत वाद घालायचाच नाही. ओल्ड मंक १९५४ पासून आहे आणि ज्याला रम हवी असते त्याला बहुतेकदा तीच हवी असते. पावसाळ्यात ती गरम पाणी, लिंबाची फोड, दोन लवंगा आणि चमचाभर गूळ घालून द्या. जुलैतल्या पावसात, भज्यांच्या ताटाशेजारी, यापेक्षा चांगलं पेय मला ठाऊक नाही.

वाइनकडे आपली माणसं उगाच बिचकतात. नाशिक आपल्या दारात आहे, अकलूजही. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली; आज तिथे शेना ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ या द्राक्षांच्या नीटनेटक्या वाइन मिळतात. अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेझी ही लाल वाइन मला मटणासोबत आवडते. आपल्या तिखटाबरोबर पहिली पसंती मात्र शेना ब्लाँला द्या. तिच्यातला हलका गोडवा कोल्हापुरी मसाल्याला सांभाळून घेतो. कडक, तुरट लाल वाइन आणि लाल तिखट एकत्र आले की दोन्ही जास्त जळतात.

आणि लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची, हे वाक्य आपल्या खोल्यांना लागू नाही. ते युरोपातल्या गार घरांसाठी होतं. तिला १६ ते १८ अंश हवेत, आणि एप्रिलमध्ये तुमचा हॉल ३२ अंशांवर असेल. द्यायच्या आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी वाइन दोन-तीन तास ठेवा. एवढ्या एका गोष्टीने पाचशे-सातशेची बाटली दीड हजाराची वाटते. शंका असेल तर एकच वाइन दोन्ही प्रकारे चाखून बघा.

आता बर्फ. याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरच्या बहुतेक पार्ट्या इथेच ढेपाळतात.

माणशी एक किलो बर्फ धरा. अर्धा ग्लासांत जातो, अर्धा बाटल्या गार करण्यात. बारा माणसांना बारा किलो हा आकडा ऐकून लोक हसतात आणि मग साडेनऊला वॉचमनला पाठवतात. घरच्या एका ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास बर्फ होतो, म्हणजे आदल्या दिवशी लावलेले दोन ट्रे कुठेच पुरत नाहीत. तीन-चार दिवस आधीपासून रोज ट्रे लावा, जमलेले खडे झिपच्या पिशवीत भरून घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. पिशवी बंद असणं महत्त्वाचं आहे. बर्फ वास पटकन धरतो, आणि ज्या फ्रीजरमध्ये बोंबील किंवा मटण ठेवलंय तिथला उघडा बर्फ जिनमध्ये घातला तर पहिल्या घोटात कळतं. पाणी फिल्टरचं घ्या. उरलेला बर्फ पॅकबंद पिशव्यांतून मागवा, तो आता शहरात घरपोच मिळतो.

बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून ग्लासात घालू नका. ती मासळी आणि बांधकामाच्या कामाची असते, पिण्याजोग्या पाण्याची असेलच असं नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायला सांगितलं ते यासाठीच. अशी लादी बादलीत बाटल्या गार करायला चालेल, पण तिचा चिमटा आणि ग्लासाच्या बर्फाचा चिमटा वेगळा ठेवा.

बिअर गार करायची बादली कशी भरावी तेही सांगतो. नुसता बर्फ घातला तर बाटलीला तो चार ठिकाणीच टेकतो, मध्ये हवा राहते. बर्फ, त्यात बुडेल इतकं पाणी, आणि दोन-तीन मुठी जाडं मीठ. पाणी सगळीकडून बाटलीला भिडतं, आणि मिठामुळे ते शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. वीस मिनिटांत बिअर गार. ऐन वेळी कुणी बाहेरून गरम बिअर घेऊन आलं तरी फ्रिज रिकामा करावा लागत नाही.

ग्लासात बर्फ घालताना हात आखडू नका. दोन खडे टाकले तर ते लगेच विरघळतात आणि पेय पातळ करतात. ग्लास काठोकाठ भरून घातले तर एकमेकांना गार ठेवतात आणि हळू विरघळतात. जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी, हा समज उलटा आहे. सोडा आणि टॉनिकही आधीच फ्रिजमध्ये गार हवेत. गरम सोडा बर्फावर ओतला की त्यातला वायू फसफसून निघून जातो आणि बर्फही वितळतो.

सोडा किती? सोळा पेगांना प्रत्येकी दीडशे मिली धरले तर अडीच लिटरच्या आत. ७५० च्या चार बाटल्या आणा, लिंबू-सोड्यालाही होतील. पाण्याचे दोन मोठे जग वेगळे, आणि ते नेहमी भरलेले.

लिंबं वीस. एका कागदी लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो. रस त्याच दिवशी दुपारनंतर काढा. रात्रभर ठेवला तर कडवट होतो. बाटलीतला तयार लिंबूरस आणू नका, आपल्या मंडईत वर्षभर ताजं लिंबू मिळतं. साखरेचा पाक: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळली की गाळून गार करा. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. पुदिना, काकडी, आलं, एखादं संत्रं. झाली तयारी.

एवढ्या सामानात व्हिस्की सावर हे आंबट-गोड कॉकटेल होतं: ४५ मिली व्हिस्की, २० मिली लिंबूरस, २० मिली पाक, भरपूर बर्फ घालून शेकरमध्ये दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून द्यायचं. व्हिस्कीच्या जागी रम किंवा जिन घातली तरी माप तेच, पेय नवं. ज्यात रस आहे ते हलवायचं, ज्यात नुसतं मद्य आहे ते चमच्याने ढवळायचं. घरी एवढा नियम पुरतो.

अवजारं थोडीच लागतात. ३०-६० चं पेग मेजर, एक शेकर, चहाची बारीक गाळणी, लांब दांड्याचा चमचा, साल काढणी, ओपनर, कॉर्कस्क्रू, बर्फाचं भांडं आणि चिमटा. अठरा नगांचा चकचकीत बार सेट घेऊ नका. त्याऐवजी ग्लासांवर खर्च करा: बुटके जाड बुडाचे बारा, उंच बारा, वाइनचे सहा. जाड बुडाच्या ग्लासात व्हिस्कीही जाते आणि सावरही. सगळे एकसारखे असले की टेबल आपोआप शोभतं.

आपल्या मातीतली पेयं घरच्या बारमध्ये असावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती सजावटीपुरती नकोत. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं जरा दाट करून ठेवा. ६० मिली पन्हं, ४५ मिली व्होडका किंवा जिन, बर्फ आणि वर गार पाणी. काठाला भाजलेल्या जिऱ्याची पूड. कोकमाचं करताना आधी बाटली नीट बघा. अमृत कोकम गोड असतं, त्याला पाक लागत नाही: ३० मिली अमृत कोकम, ४५ मिली जिन, १०० मिली सोडा. आगळ खारट आणि तीव्र असतं. ते १५ मिलीच घ्यायचं आणि पाक २० मिली. दोन्हींत गल्लत झाली तर पेय फुकट जातं. मार्च ते मे गोव्यात असाल तर तिथे उर्राक प्या, लिंबाचं सोडायुक्त पेय, चिरलेली हिरवी मिरची आणि मीठ घालून. काजूच्या रसाचं ते पहिल्या धारेचं मद्य त्या दिवसांपुरतंच असतं, आणि तिथेच त्याची खरी मजा. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिनऐवजी फेणी घालून केलेलं कोकम मी गोव्यात खूप लोकांना आवडलेलं पाहिलंय.

पन्हं आणि कोकम यांचा दुसरा उपयोग पहिल्याहून मोठा आहे. तुमच्याकडच्या चार न पिणाऱ्यांचं पेय तेच. त्यांना कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणि कागदी कप देऊन बाजूला बसवू नका. तोच उंच ग्लास, तोच बर्फ, तीच पुदिन्याची काडी. मग कोण काय पितंय हे कुणाला कळत नाही आणि ‘घे की थोडी’ हा आग्रहही होत नाही. एखादी गरोदर मैत्रीण असते, कुणाची औषधं चालू असतात, कुणी सोडलेली असते, कुणाचा गुरुवार किंवा संकष्टी असते. कारण विचारायची वेळच येऊ नये, अशी सोय यजमानाने करायची. श्रावणात तर निम्मी मंडळी या बाजूला येतात. त्याच्या आधीच्या अमावस्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, लोक ‘गटारी’ म्हणून बसतात. त्या आठवड्यात दुकानांत झुंबड असते. खरेदी आधी उरकून घ्या.

काय घेऊ नये याबद्दल: क्रीमची लिक्युअर उघडली की फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत संपवावी लागते, आणि घरी ती संपत नाही. निळं क्युरासाओ फक्त रंगासाठी असतं. व्हरमुथ ही मुळात वाइन आहे हे फार कमी लोक लक्षात ठेवतात. उघडल्यावर ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायचं. कपाटात वर्षभर उभं राहिलेलं व्हरमुथ घातलेली निग्रोनी ही कॉकटेल प्यायल्यामुळेच अनेकांना निग्रोनी आवडत नाही. तुम्हाला ती खरंच आवडत असेल तर जिन, गोड व्हरमुथ आणि कंपारी (कडू चवीचं लाल लिक्युअर) समान घेऊन, एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी घालून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ढवळताना बर्फाचं जितकं पाणी मिसळतं तितकं ते पाणी असतं. पाहुणे आले की थेट बर्फावर ओता. पुढे हौस वाढली तर पहिली जादा बाटली बिटर्सची, म्हणजे थेंबांनी घालायच्या कडू अर्काची, घ्या. छोटीशी असते, वर्षानुवर्षं टिकते. व्हिस्कीत चमचाभर पाक, बिटर्सचे दोन शिडकावे आणि संत्र्याची साल घातली की ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल तयार.

कपाटाची जागा बघा. खिडकीतून ऊन येत असेल तर ते कोपऱ्यातलं कपाट चालणार नाही. ऊन आणि उष्णता दोन्ही मद्याला मारक. व्हिस्की, रम, जिन उभ्या ठेवा. कॉर्कची वाइन आडवी, फिरकीच्या झाकणाची कशीही. निम्म्याहून कमी उरलेली व्हिस्की सहा महिन्यांत संपवा, आतली हवा तिचा वास खाते. दिव्यांच्या माळा लावून बाटल्या वर्षभर शोभेला ठेवायच्या असतील तर रिकाम्या ठेवा. घरात लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप हवंच.

आता कायदा, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. महाराष्ट्रात अजूनही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि त्यानुसार मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा दुकानातही मिळतो. घरी बार करताय तर आजीवन परवाना काढून ठेवा, उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. घरात किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे, अठरा बाटल्यांची यादी करताना हेही बघायला हवं होतं. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. म्हणजे भाच्याचे कॉलेजचे मित्र आले तर त्यांना व्हिस्की देणं हा तुमचा गुन्हा ठरतो. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेली बाटली स्वस्त मिळाली म्हणून परवान्याशिवाय गाडीत घालून आणू नका. सीमेवर तपासणी असते. ड्राय डेचं कॅलेंडर बघून तारीख ठरवा. २ ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आठवत नाहीत.

प्रत्यक्ष संध्याकाळी बार स्वयंपाकघरापासून लांब मांडा, नाहीतर पोळ्या करणाऱ्या माणसाच्या पाठीमागे सहा जण उभे राहतात. पहिला ग्लास प्रत्येकाला विचारून तुम्ही स्वतः मापून द्या. हाताने अंदाजे ओतलेला पेग कधीच ४५ चा नसतो, सत्तरच्या पुढे जातो. पहिल्या ग्लासात माप ठरलं की पुढे पाहुणे स्वतःही तेवढंच घेतात. रिकामा ग्लास दिसला की न विचारता भरणं, ही आपल्याकडची जुनी पाहुणचाराची रीत मला पटत नाही. विचारा, आणि ‘नको’ म्हटलं की पाणी द्या.

कोण किती घेतंय याचा अंदाज यजमानाला हवा. आपल्याकडची व्हिस्की, रम, जिन ही मद्यं बहुतेक ४२.८ टक्क्यांची असतात. त्याच्या ३० मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, आणि शरीराला तेवढं निपटायला तासभर लागतो, थोडा जास्तच. १५० मिली वाइन म्हणजे असे दीड पेग. आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे असे जवळपास चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतली’ म्हणणारा माणूस चार पेगांवर असू शकतो. मोठ्या बाटल्या नकोत म्हणालो त्याचं हेही एक कारण. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिचा हिशेब करत बसू नका; जो पिणार तो चालवणार नाही, हे बोलावतानाच सांगा. कुणाला राहायचं असेल तर गादी काढून ठेवा.

चखणा आधी ठेवा, पेग नंतर. पोटात अन्न असलं की मद्य आतड्यात हळू उतरतं आणि हळू चढतं. नुसते वेफर्स आणि खारे शेंगदाणे तहान वाढवतात, माणूस भराभर पितो. उकडलेली अंडी, मटकीची उसळ, पनीर, तळलेली कोळंबी असं पोटाला आधार देणारं काहीतरी पहिल्या तासातच फिरवा. मसाला पापड, काकडी, भाजलेले चणे सोबतीला. साडेनऊला जेवण वाढा. अकराला वाढलेलं जेवण कुणी जेवत नाही, आणि वाटीभर सोलकढीही कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी उघडी वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. नंतर मटणाच्या रश्शात घाला. रिकाम्या बाटल्या, विशेषतः स्कॉच आणि सिंगल माल्टच्या, भंगारवाल्याला जशाच्या तशा देऊ नका. अशा बाटल्यांना चांगला भाव मिळतो, कारण त्यांत भेसळीची दारू भरून पुन्हा विकली जाते. तसली दारू जिवावर बेतते. पाण्यात भिजवून लेबल खरवडून टाका, खोका फाडा, झाकण वेगळ्या कचऱ्यात द्या. विकत घेतानाही याच कारणासाठी परवानाधारक दुकानातूनच घ्या, सील आणि उत्पादन शुल्काचं लेबल बघा, आणि पक्कं बिल मागा.